धनी, चाकर आणि स्वातंत्र्य

स्कॉटलंडमध्ये पर्थ आणि डंडी या दोन शहरांच्या दरम्यान बॅलिंडीन नावाची जहागीर होती. तिथे सर जॉन वेडरबर्न यांच्या घरी जोसेफ नाइट नावाचा एक तरुण चाकरीला होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोवळ्या वयात त्याला जहाजात घालून जमैकात आणले गेले, तिथे वेडरबर्नने त्याला विकत घेतले आणि १७६९ च्या सुमारास मायदेशी परतताना बरोबर आणले. ‘नाइट’ हे आडनावसुद्धा त्याला आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाचे. धनी म्हणून वेडरबर्न काही क्रूर नव्हता. त्याने नाइटला बाप्तिस्मा घेऊ दिला, लिहायला-वाचायला शिकवले, वरखर्चाला थोडेफार पैसेही दिले. पगार तेवढा दिला नाही.

ते लिहायला-वाचायला शिकवणे पुढे धन्याच्या अंगाशी आले. १७७२ साली लंडनमध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी जेम्स सॉमरसेट या गुलामाच्या खटल्यात निकाल दिला, की मालकाला त्याला जबरदस्तीने जहाजावर चढवून देशाबाहेर नेता येणार नाही. ही बातमी नाइटने वर्तमानपत्रात वाचली. पुढच्या वर्षी त्याने अ‍ॅनी थॉम्सनशी लग्न केले. ती त्याच घरात कामाला होती. तिला कामावरून काढून टाकण्यात आले. नाइटने संसारापुरते एक घर मागितले, ते नसेल तर पगार मागितला. दोन्हीला नकार मिळाल्यावर त्याने आपले सामान बांधायला घेतले. वेडरबर्नने स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडून वॉरंट काढून त्याला पकडून आणवले आणि त्या दंडाधिकाऱ्यांनीही कौल धन्याच्याच बाजूने दिला. नाइट गप्प बसला नाही. तो पर्थच्या शेरीफच्या न्यायालयात गेला आणि १७७४ मध्ये तिथे जिंकला. मग वेडरबर्न एडिंबराच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेला.

प्रबोधनकाळातल्या राजकीय विचारांची गोष्ट आपल्याकडे लॉक, माँतेस्किए, रूसो अशा ठरलेल्या क्रमाने सांगितली जाते. राजाची सत्ता कुठून येते, तिला लगाम कसा घालायचा, कायदा करणारा आणि न्याय देणारा वेगळा का असावा, हे त्या गोष्टीतले प्रश्न. ते मोठे आहेतच. पण बॅलिंडीनमधल्या या भांडणात राजा कुठेच नाही. एक धनी आहे, एक चाकर आहे आणि पोटाचा प्रश्न आहे. राजाचा जुलूम नसताना माणूस दुसऱ्या माणसाच्या मुठीत असेल, तर त्याला स्वतंत्र म्हणायचे का? माझ्या मते त्या शतकातला खरा अवघड प्रश्न हाच होता, आणि तो पॅरिसपेक्षा ग्लासगो आणि एडिंबरा इथल्या प्राध्यापकांना जास्त नीट दिसला होता.

करार हा त्या काळचा लाडका शब्द. माणसे मुळात स्वतंत्र, त्यांनी आपापसांत संमतीने सरकार उभे केले, म्हणून सरकारने त्यांचे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता जपली पाहिजे; नाही जपली तर ते उलथून टाकण्याचा लोकांना हक्क आहे. जॉन लॉकचे हे प्रतिपादन १६८९ मध्ये छापून आले, तेही लेखकाच्या नावाशिवाय. ज्या जगात राजा देवाकडून सत्ता आणतो असे मानले जाई, तिथे हे धाडसच होते. त्यावर साठेक वर्षांनी, १७४८ मध्ये, एडिंबराच्या डेव्हिड ह्यूमने एका निबंधात अगदी व्यवहारातली शंका काढली. लोकांनी देशात राहून सरकारला मूक संमती दिली असे म्हणता. पण ज्या गरीब शेतकऱ्याला परकी भाषा येत नाही, परक्या चालीरीती ठाऊक नाहीत आणि जो रोजच्या तुटपुंज्या मजुरीवर जगतो, तो देश सोडून जाणार कुठे? झोपेत असताना जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने समुद्रात उडी मारली नाही, म्हणजे कप्तानाची सत्ता त्याला मान्य आहे असे म्हणण्यासारखे हे झाले.

ह्यूमची ही शंका राजाविषयी होती. पण ती तशीच उचलून घरातल्या धन्याला लावून पाहा. नाइट इतकी वर्षे बॅलिंडीनमध्ये राहिला, तिथले अन्न खाल्ले, म्हणून त्याने जन्मभराच्या चाकरीला संमती दिली असे मानायचे का? वेडरबर्नच्या वकिलांचा युक्तिवाद जवळजवळ तोच होता. त्याला गुलाम म्हणू नका, ते म्हणाले. पण सांभाळल्याच्या मोबदल्यात तो कायमची सेवा देणे लागतो.

रूसोनेही १७६२ मध्ये हा धागा पकडला होता. दुसऱ्याला विकत घेता येईल इतका कुणी श्रीमंत असू नये आणि स्वतःला विकावे लागेल इतका कुणी गरीब असू नये, अशी समतेची अट त्याने घातली. पण अशी स्थिती आणायची कशी, ती इतिहासात कधी आणि का थोडीफार आली, याची खटपट त्याने केली नाही. ती अ‍ॅडम स्मिथने केली. आपण त्याला बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून ओळखतो. पण १७५२ ते १७६४ या काळात ग्लासगोला तो नीतिशास्त्र शिकवत होता, आणि त्या वर्गात कायदा, सरकार, कुटुंब, गुलामगिरी असे सगळेच विषय येत.

‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा त्याचा ग्रंथ १७७६ चा. त्याच्या तिसऱ्या भागात स्मिथ स्वतःच्या देशातली, त्याच्या वाचकांच्या आठवणीतली एक गोष्ट सांगतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात लोकिएलचा कॅमेरॉन नावाचा जमीनदार होता. त्याचे वार्षिक उत्पन्न ५०० पौंडांच्या वर कधी गेले नाही. तो साधा दंडाधिकारीही नव्हता. तरीसुद्धा आपल्या माणसांच्या फौजदारी गुन्ह्यांचा निवाडा तोच करी, आणि स्मिथच्या म्हणण्याप्रमाणे न्यायाने करी. १७४५ मध्ये राजाविरुद्ध बंड झाले तेव्हा याच माणसाच्या मागे त्याची ८०० माणसे शस्त्रे घेऊन निघाली.

का निघाली? कायद्याने त्यांच्यावर काहीच बंधन नव्हते. स्मिथचे उत्तर असे: त्या मुलखात धान्य आणि गुरे यांच्या बदल्यात घेण्यासारखे बाजारात फारसे काही नव्हते. मग जमीनदार एवढ्या उत्पन्नाचे करणार काय? तो माणसे पोसायचा. कुळांना जमीन नाममात्र खंडाने मिळे. एखाद-दुसरे नाणे, एखादी मेंढी, एखादे कोकरू. पण ती कधी काढून घेतली जाईल याचा नेम नसे. ज्याच्या मर्जीवर चूल पेटते, त्याने हाक मारल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती? इथे जुलूम करायला कायदा लागत नव्हता आणि थांबवायलाही कायदा पुरेसा नव्हता. लंडनच्या संसदेने बंडानंतर, १७४७ मध्ये, जमीनदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. स्मिथला ते पुरेसे वाटत नव्हते. अशा सत्तेचे मूळ सनदेत नाही, जमीन आणि अन्न यांत आहे, असे तो बजावतो.

मग ही सत्ता गेली कशी? स्मिथचे उत्तर मला त्याच्या सबंध ग्रंथातले सर्वांत खट्याळ वाटते. व्यापार वाढला, शहरांतून चैनीच्या वस्तू येऊ लागल्या आणि जमीनदारांना उत्पन्न एकट्याने उडवण्याची सोय झाली. हिऱ्याच्या बकलांच्या एका जोडीसाठी त्यांनी हजार माणसे वर्षभर पोसण्याची ताकद आणि तिच्याबरोबर येणारा सगळा दरारा देऊन टाकला. पदरची माणसे कमी केली, खंड वाढवला. वाढीव खंड द्यायला कुळे तयार झाली, पण लांब मुदतीच्या पट्ट्याच्या बदल्यात. पट्टा हातात आला आणि कुळाची मान वर झाली. इकडे बकले घडवणारा कारागीरही कुण्या एका जमीनदाराचा मिंधा राहिला नाही, कारण त्याची शंभर गिऱ्हाइके होती. एक तुटले तर नव्व्याण्णव उरत. कुणीही स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान डोक्यात ठेवून हे केले नाही. जमीनदाराला मिरवायचे होते, व्यापाऱ्याला दोन पैसे हवे होते.

ही मांडणी जशीच्या तशी गिळण्यासारखी नाही. उत्तरेच्या त्याच डोंगराळ भागात पुढच्या काळात मेंढपाळीसाठी कुळांना हजारोंनी हुसकावण्यात आले. पट्ट्याचे सुख सगळ्यांच्या वाट्याला आले नाही. स्मिथचा समकालीन अ‍ॅडम फर्ग्युसन मूळचा पर्थशायरचा, गेलिक भाषा बोलणारा, डोंगरी पलटणीचा पाद्री राहिलेला. १७६७ च्या आपल्या ग्रंथात त्याने इशारा दिला होता, की कामाची बारीक विभागणी झाली की माणसे यंत्राचे भाग होतात आणि सार्वजनिक कारभाराशी त्यांचे देणेघेणे उरत नाही. खुद्द स्मिथही बाजाराविषयी भाबडा नव्हता. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची आपसांत नेहमीच मूक एकी असते, तिच्याविरुद्ध कायदा नाही. मजूर एकत्र आले की मात्र कायदा आडवा येतो, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. भांडण लांबले तर मालक वर्ष-दोन वर्षे तग धरतो, पुष्कळ मजुरांना आठवडाही काढता येत नाही. म्हणजे शंभर गिऱ्हाइकांचा कारागीर स्वतंत्र, पण एकाच गिरणीच्या दारात उभा असलेला मजूर पुन्हा मिंधा. हेच तर्कशास्त्र कॅमेरॉनच्या कुळांना लागू होते.

आता यात वेडरबर्न घराण्याचा संबंध पाहा. १७४५ च्या ज्या बंडात कॅमेरॉन ८०० माणसे घेऊन उतरला, त्याच बंडात जॉन वेडरबर्नचा बापही होता. पराभवानंतर १७४६ मध्ये लंडनला त्याला देहदंड झाला आणि मालमत्ता जप्त झाली. विशीही न गाठलेला मुलगा जमैकाला पळाला, उसाच्या मळ्यांवर गबर झाला आणि गमावलेली प्रतिष्ठा परत विकत घ्यायला मायदेशी आला. स्कॉटलंडमध्ये जुनी सरंजामी ताबेदारी सैल होत होती, त्याच वेळी त्या समाजाची मुले समुद्रापलीकडे त्याहून भयंकर ताबेदारीवर पैसा करत होती. स्मिथने ज्या व्यापाराचे गुण गायले, त्यात ग्लासगोचा मोठा माल म्हणजे गुलामांनी पिकवलेली तंबाखू.

स्मिथला हे दिसत नव्हते असे नाही. १७९० मध्ये मृत्यूच्या थोडे दिवस आधी त्याने आपली बहुतेक हस्तलिखिते मित्रांकरवी जाळून टाकली. त्याची व्याख्याने आपल्यापर्यंत पोचली ती वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांमुळे. त्यांतली एक वही १८९५ मध्ये उजेडात आली आणि जास्त सविस्तर वह्या १९५८ मध्ये. या टिपणांत एक विधान आहे ते स्वातंत्र्याच्या भक्तांना झोंबणारे आहे. देश जितका स्वतंत्र, लोकनियुक्त सभेची सत्ता जितकी जास्त, तितकी गुलामांची सुटका अवघड, असे स्मिथ सांगतो. कारण उघड आहे. त्या सभेत बसणारेच गुलामांचे धनी असतात. स्वतःची मालमत्ता सोडून देणारा कायदा ते कशाला करतील? एखादा निरंकुश राजा निदान मनात आले तर धन्याचा हात धरू शकतो. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये तो आणखी एक कारण देतो. मजूर लावून काम करून घेणे गुलामापेक्षा स्वस्त पडते, तरी माणसाला गुलाम हवा असतो, कारण हुकूम गाजवण्याची चटक पैशापेक्षा मोठी असते.

बाजार सगळे आपोआप नीट करतो असे ज्याच्या नावावर खपवले जाते, त्या माणसाचे हे मत आहे.

स्मिथचा विद्यार्थी जॉन मिलर १७६१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८०१ पर्यंत, ग्लासगोला कायद्याचा प्राध्यापक होता. १७७१ मध्ये त्याने समाजातल्या श्रेणींवर एक पुस्तक लिहिले. त्याची रचनाच बोलकी आहे: आधी नवऱ्याची बायकोवरची सत्ता, मग बापाची मुलांवरची, मग टोळीच्या म्होरक्याची, मग राजाची आणि शेवटी धन्याची चाकरावरची. राजा मध्येच कुठेतरी येतो. सुरुवात घरातून होते आणि शेवट चाकरापाशी. यातली कुठलीही सत्ता मिलर देवदत्त किंवा निसर्गदत्त मानत नाही. शिकारीवर जगणाऱ्या, गुरे पाळणाऱ्या, शेती करणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या समाजांत ती कशी बदलत गेली, एवढेच तो दाखवतो. म्हणजे ती पुढेही बदलेल. अमेरिकेच्या वसाहतींबद्दल त्याने लिहिले ते अजून बोचते: आमच्यावर आमच्या संमतीशिवाय कर लादू नका असे उंच स्वरात सांगणारी माणसेच आपल्या भोवतीच्या माणसांना ना मालमत्ता देतात, ना कसला हक्क.

मिलरला दूर अमेरिकेत पाहण्याची गरजही नव्हती. ज्ञानाच्या उजेडाने उजळलेल्या स्कॉटलंडमध्ये कोळशाच्या खाणीतले मजूर आणि मिठागरांतले कामगार १६०६ च्या कायद्यापासून जन्मभरासाठी मालकाला बांधलेले होते. खाण विकली की तेही नव्या मालकाकडे जात. मूल बाप्तिस्म्याला नेले की मालक बापाच्या हातावर थोडे पैसे ठेवी, आणि ते मूलही पुढे त्याच खाणीचे होई. स्मिथने व्याख्यानांत त्यांचा उल्लेख केला आहे. १७७५ मध्ये संसदेने त्यांना टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याचा कायदा केला, पण त्यात इतक्या अटी की १७९९ मध्ये दुसरा कायदा करावा लागला.

एडिंबराच्या न्यायालयाने नाइटचा निकाल १५ जानेवारी १७७८ रोजी दिला. त्याच्या बाजूचा एक वकील हेन्री डंडास होता आणि नाइटसाठी एक युक्तिवाद इंग्लंडमधल्या अ‍ॅशबर्नला कोशकार सॅम्युएल जॉन्सनने मजकूर सांगून लिहवून घेतला होता. न्यायाधीशांमध्ये लॉर्ड केम्स होते, ज्यांच्या मुलाला एके काळी मिलरने शिकवले होते. बहुमत नाइटच्या बाजूने गेले. जमैकाच्या कायद्याने या माणसावर जी मालकी सांगितली जाते ती अन्यायाची आहे आणि या देशात ती कोणत्याही प्रमाणात चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. ‘गुलाम नव्हे, पण कायमचा चाकर’ ही पळवाटही त्यामुळे बंद झाली. सॉमरसेटच्या निकालापेक्षा हा निकाल स्पष्ट होता. तिथे प्रश्न फक्त देशाबाहेर नेण्याचा होता.

विरोधात चार मते पडली. त्यांतले एक न्यायालयाच्या अध्यक्षांचे, म्हणजे नाइटच्या वकिलाच्या सावत्र भावाचे. दुसरे लॉर्ड मॉनबॉडो यांचे. ओरांगउटान हा मानवजातीतलाच आहे असे ग्रंथ लिहून प्रतिपादणारे हेच ते गृहस्थ. नाइटपुढे मात्र त्यांची उदारता आटली.

अशी विसंगती त्या काळात पावलोपावली भेटते. संमतीचा तत्त्वज्ञ लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा भागधारक होता. कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा तो चिटणीस असताना, १६६९ मध्ये, तिच्यासाठी जी घटना तयार झाली, तिने स्वतंत्र नागरिकाला त्याच्या गुलामावर संपूर्ण सत्ता दिली होती. ह्यूमने एका निबंधाला काळ्या लोकांच्या बुद्धीविषयी एक अत्यंत हिणकस तळटीप जोडली. ‘काळच तसा होता’ असे म्हणून ती झाकता येत नाही, कारण अ‍ॅबरडीनच्या जेम्स बीटीने १७७० मध्येच तिचे खंडन छापले होते. १७९२ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टने नवऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्या बाईच्या बाबतीत हाच मिंधेपणाचा प्रश्न मांडला, तेव्हा राजाच्या मनमानीवर तुटून पडणाऱ्या बहुतेकांनी तिकडे पाठ फिरवली.

या विचारांचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. एडिंबराला शिकलेले आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थनार्थ १७९१ मध्ये ग्रंथ लिहून गाजलेले जेम्स मॅकिन्टॉश १८०४ मध्ये मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, म्हणून आले. त्याच वर्षी त्यांनी परळला जी साहित्यसभा स्थापन केली, तीच आजच्या एशियाटिक सोसायटीची पूर्वज. पुण्यात जोतीराव फुले शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत; तरुण वयात त्यांनी टॉमस पेन वाचला आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. स्मिथ आणि फुले यांचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण सार्वजनिक सभा आणि काँग्रेस यांच्याकडे फुल्यांनी ज्या संशयाने पाहिले, तो संशय ओळखीचा वाटतो: सभेत बसणारे जर शेतकऱ्याच्या आणि अस्पृश्याच्या डोक्यावर बसणारेच असतील, तर तिथे यांच्या सुटकेचा ठराव कोण मांडणार?

ब्रिटनमध्ये तो ठराव मांडायला किती वेळ लागला, हे नाइटच्या वकिलाच्या कारकिर्दीवरून कळते. हेन्री डंडास पुढे गृहमंत्री झाला. १७९२ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव संसदेत आला, तेव्हा त्यात ‘हळूहळू’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती यानेच मांडली आणि ती मंजूर झाली. त्या संसदेसाठी सबंध स्कॉटलंडमध्ये मतदार होते पाच हजारांच्या आत. व्यापार बंद व्हायला १८०७ उजाडले. वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला, तेव्हा भरपाई म्हणून २ कोटी पौंड देण्यात आले; सरकारच्या त्या वेळच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. ते सगळे मालकांना मिळाले. सुटलेल्या गुलामांना छदामही मिळाला नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवार’ या नावाखाली जुन्याच धन्याकडे बिनपगारी राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडून पूर्ण केले.